माशीच्या मेंदूत रक्तवाहिन्या नाहीत, मग रक्त-मेंदू अडथळा कसला?

तुमचा प्रश्न असा: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फळमाशीची लॅब मिळते आहे, विषय रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणारी राखण. पण माशीच्या मेंदूत रक्तवाहिन्याच नसतात, मग पक्षाघात किंवा अपस्मार तिच्यावर कसा अभ्यासायचा?

पक्षाघात सोडून द्या. आपल्यात हा अडथळा केशवाहिन्यांच्या भिंतीत असतो. माशीचं रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, शरीरात मोकळंच फिरतं आणि मेंदू त्यातच असतो. वाहिनीच नाही तर गुठळी अडकणार कुठे?

अपस्मार घ्या. माशीच्या मेंदूभोवती ग्लिया (मेंदूतल्या मदतनीस) पेशींचे दोन थर असतात, बाहेर पेरिन्यूरियल, आत सबपेरिन्यूरियल. खरी राखण आतल्या थराची. त्या पेशी मोजक्या पण अवाढव्य. मेंदू वाढतो तेव्हा त्या विभागत नाहीत, डीएनएच्या प्रती वाढवत नुसत्या मोठ्या होतात, त्यामुळे दोन पेशींमधला सांधा सुटत नाही. नको ते बाहेर फेकणारे पंपही इथेच. त्यातला एमडीआर६५ हा आपल्या पी-ग्लायकोप्रोटीनचा भाऊबंद. हेच प्रथिन आपल्या मेंदूतून कितीतरी औषधं परत हाकलतं.

शरीरातल्या घड्याळावर संशोधन करणाऱ्या अमिता सेहगल यांच्या गटाचं २०१८ चं काम आधी वाचा. रात्री माशीच्या मेंदूत बाहेरचं रसायन जास्त टिकतं, असं त्यांना दिसलं. गंमत म्हणजे दिवस-रात्र ओळखणारं पेशींचं घड्याळ बाहेरच्या थरात आणि पंप आतल्या! दोन्ही थरांना जोडणाऱ्या गॅप जंक्शनमधून (पेशी-पेशींमधल्या बारीक वाटांमधून) रात्री आतल्या पेशींमधलं मॅग्नेशियम कमी होतं आणि पंप मंदावतात. झटके येणाऱ्या माश्यांना फेनिटॉइन हे अपस्मारावरचं औषध रात्री दिलं तर जास्त लागू पडलं. औषध तेच, फरक वेळेचा. उंदरांवर असा प्रयोग करायचा तर किती महिने आणि किती परवानग्या लागतील, बघा.

अडथळा फुटलाय का, हे पाहणं सोपं आहे. बारीक काचेच्या सुईने पोटात चमकणारं डेक्स्ट्रान (रंग जोडलेला साखरेचा मोठा रेणू) टोचायचं आणि दुसऱ्या दिवशी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली डोळा बघायचा, कारण डोळ्यालाही असाच अडथळा असतो. अडथळा शाबूत असेल तर अंग चमकतं, डोळा आतून काळाच राहतो आणि कडेला उजळ रेघ दिसते. गळती असेल तर अख्खा डोळा उजळतो. टोचल्यावर काही माश्या मरणारच, म्हणून जास्तीच्या धरा.

तुलनेच्या माश्यांबाबत मात्र काटेकोर राहा. पांढऱ्या डोळ्यांच्या माशीत बिघडलेलं व्हाइट जनुक स्वतःच वाहक पंपांच्या कुळातलं आहे, त्यामुळे लाल डोळ्यांच्या माश्यांशी तिची तुलना केलीत तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

आणि रात्री जागायची गरज नाही. इन्क्युबेटरमधलं दिवस-रात्रीचं चक्र उलटं लावा, माश्यांना जुळवून घ्यायला काही दिवस द्या, मग दुपारी लॅबमध्ये बसून ‘रात्रीचा’ डोस देता येतो. गाईडना मात्र स्वतंत्र इन्क्युबेटर मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा.