ड्रम्स नाहीत म्हणून सपाट? डिलर्ड अँड क्लार्क पुन्हा ऐकताना

तुमची तक्रार थोडक्यात अशी : बाबांच्या ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या कॅसेट ऐकत मोठे झालात, कुणीतरी सांगितलं की ईगल्सचं मूळ बघायचं तर १९६८ चा 'द फँटॅस्टिक एक्स्पिडिशन ऑफ डिलर्ड अँड क्लार्क' हा अल्बम ऐका. दोनदा ऐकलात. ड्रम्स नाहीत, सगळी गाणी सारखीच वाटतात आणि तो बँजो डोक्यात जातो. यात लोकांना एवढं काय सापडतं?

मलाही आधी काही सापडलं नव्हतं. आतेभावाने अमेरिकेहून आणलेली सीडी माझ्याकडे पाचसहा वर्षं नुसती पडून होती. चूक माझीच. मी त्यात ईगल्स शोधत होतो. बर्नी लेडन इथे गिटार वाजवतो, गातो, आणि पुढे १९७१ मध्ये ईगल्सच्या स्थापनेत असतो, हे खरंच आहे. पण हा अल्बम कशाची तरी पूर्वतयारी म्हणून ऐकला की हाताला काही लागत नाही.

माणसं कोण ते बघा. जीन क्लार्क म्हणजे बर्ड्स या अमेरिकन रॉक बँडचा सुरुवातीचा मुख्य गीतकार. विमानाची भीती आणि बाकीचे ताण यांमुळे १९६६ मध्ये बाहेर पडला. डग डिलर्ड हा बँजोवादक, पक्का ब्लूग्रासवाला, म्हणजे बँजो-गिटार-फिडलवर वेगात वाजणाऱ्या अमेरिकन ग्रामीण संगीतातला. त्याचा भावासोबतचा डिलर्ड्स नावाचा बँड अमेरिकन टीव्हीवर 'द अँडी ग्रिफिथ शो'मध्ये डार्लिंग नावाच्या डोंगरी कुटुंबातली पोरं म्हणून यायचा. ही पोरं दगडी चेहऱ्याने बसून राहायची, एक शब्द बोलायची नाहीत, आणि वाजवायला लागली की आग! दोघंही मूळचे मिझुरी राज्यातले, भेटले लॉस एंजेलिसमध्ये. एकाला गाणी सुचायची, दुसऱ्याच्या बोटांत वेग होता.

आता बँजोबद्दल. आपल्याकडे वरातीत आणि विसर्जनाला जो 'बँजो' वाजतो, तो खरं तर वीज जोडलेला बुलबुलतरंग. ते डोक्यातून काढून टाका. अमेरिकन बँजोचं पोट म्हणजे चक्क ताणलेला पडदा, डफासारखा; पूर्वी कातड्याचा, आता बहुतेक प्लास्टिकचा. त्यामुळे स्वर लगेच विझतो, आणि तो जिवंत ठेवायचा तर सारखं छेडत राहावं लागतं. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी मानेच्या मध्यावरच. ती बहुतेक वेळ एकाच वरच्या सुरात वाजते, सतारीच्या चिकारीसारखी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने तारांवर फिरतात आणि आठ-आठ मात्रांची साखळी तयार होते. म्हणजे तुम्हाला जे ड्रम्स हवे होते, त्यांचं निम्मं काम बँजोच करतोय. उरलेलं डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य, करतं. ठेका आहे, फक्त तो धरणारा वेगळा आहे.

आणि त्या ठेक्यावर क्लार्क काय करतो? तो निवांत गातो. ओळी लांब, चाल उतरत जाणारी, आवाजात कायम थोडी उदासी. बँजो द्रुत लयीत आणि गाणारा विलंबितात, असं काहीसं. 'विथ केअर फ्रॉम समवन' हेडफोन लावून ऐका : वाद्यं पळतायत आणि माणूस मात्र जागचा हलत नाही. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये गाणाराही सहसा वाद्यांबरोबर पळतो, आवाज वर चढवतो. इथे ते होत नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या न होण्यात आहे.

सुरुवात मात्र 'आउट ऑन द साइड'ने करू नका, जरी ते पहिलं गाणं असलं तरी. गाणं सुंदर आहे, संथ आहे, पण त्यात ड्रम्स आहेत. कानाला वाटतं पुढेही असंच येणार, आणि मग पुढचं सगळं उघडंबोडकं वाटायला लागतं. 'शी डार्क्ड द सन' आधी लावा. गायिका लिंडा रॉनस्टॅटने ते १९७० मध्ये 'सिल्क पर्स' या अल्बमवर गायलं. तेही चांगलं आहे, पण क्लार्कच्या तोंडी ते जास्त खरं वाटतं. 'द रेडिओ साँग'मध्ये मध्येच हार्पसिकॉर्ड येतो, म्हणजे पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं युरोपियन वाद्य. असं वाद्य बँजोशेजारी बसवायची कल्पना कागदावर वेडगळ वाटते, पण जमून गेलीये. 'गिट इट ऑन ब्रदर' हे लेस्टर फ्लॅटचं जुनं भक्तिगीत, ते मी बहुतेक वेळा पुढे ढकलतो.

सगळं मिळून नऊ गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. नंतरच्या काही आवृत्त्यांत 'व्हाय नॉट युअर बेबी' वगैरे जादा गाणी जोडलीयेत. गाणं छान आहे, पण ते वेगळ्या दिवशी ऐका, नवव्या गाण्यानंतर थांबा. १९६९ चा दुसरा अल्बम 'थ्रू द मॉर्निंग, थ्रू द नाइट' घाईने घेऊ नका. त्यात दुसऱ्यांची गाणी बरीच आणि क्लार्कची कमी. अर्थात गायक रॉबर्ट प्लांट आणि गायिका अ‍ॅलिसन क्रॉस यांनी २००७ च्या 'रेझिंग सँड' या अल्बमवर घेतलेली क्लार्कची दोन गाणी त्यातलीच, म्हणजे अगदी टाकाऊ नाही.

खपला का? नाही. मुखपृष्ठावर दोघं साइडकारवाल्या मोटरसायकलवर दिसतात, मोहिमेला निघाल्यासारखे, पण क्लार्कला दौरे नको असायचे, त्यामुळे मोहीम फार लांब गेलीच नाही.

राहता राहिला ईगल्सचा धागा. क्लार्क आणि लेडनने लिहिलेलं 'ट्रेन लीव्हज हिअर धिस मॉर्निंग' ईगल्सच्या १९७२ च्या पहिल्या अल्बमवर आहे, लेडनच्याच आवाजात. तो अल्बम लंडनमध्ये निर्माता ग्लिन जॉन्सने ध्वनिमुद्रित केला, सगळं कसं इस्त्री केलेलं. क्लार्कचं गाणं चुरगळलेल्या सदऱ्यासारखं आहे. बाबांकडे ती कॅसेट असेल तर आधी ते ऐकू द्या, मग काही न सांगता हे लावा. माझ्या मित्राच्या वडिलांनी ऐकून विचारलं होतं, "ह्याला आज गाडी चुकली वाटतं?" तुमचे बाबा काय म्हणतात ते कळवा.