पाकिटाला किती ऊन लागलंय ते आधी विचार

अगं, तुझा मेसेज काल रात्री वाचला, दोन ओळीत उत्तर देऊन झोपणार होतो पण टाइप करता करता लांबतच गेलं, म्हणून आता सरळ पत्रच लिहितोय. बारा-बारा एमआरईच्या (अमेरिकन सैनिकांच्या तयार जेवणाच्या सीलबंद पाकिटांच्या) दोन केस, म्हणजे खोके, स्वस्तात मिळतायत, घेऊ का, आणि घेतल्या तर सुटी पाकिटं विकू की अख्ख्या केस, असं विचारलंयस. मेनू नंबर (कुठल्या पाकिटात कुठलं जेवण) लिहिलेस, पॅकिंगचं साल लिहिलंस, समोरचा किती मागतोय तेही लिहिलंस. पण त्या केस इतकी वर्षं ठेवल्या कुठे होत्या हे काही लिहिलं नाहीस, म्हणजे तू विचारलंच नसणार.

लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की सैन्याचं जेवण म्हणजे वीस वर्षं हात लावायला नको. तसं नसतं. अमेरिकन एमआरईचं स्पेसिफिकेशनच असं की २७ डिग्री सेल्सियसला किमान साडेतीन वर्षं टिकलं पाहिजे आणि ३८ डिग्रीला नऊ महिने. कारखाना तोच, तारीख तीच, नुसता ११ डिग्रीचा फरक आणि आयुष्य चौथ्या हिश्श्याहून कमी! त्यामुळे थंड तळघरात पाच वर्षं पडलेलं पाकीट खायला बरं निघतं आणि गाडीच्या डिकीत एक उन्हाळा काढलेलं नवंकोरं पाकीट उघडलं की चीज स्प्रेड तपकिरी आणि क्रॅकरला खवट वास. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात हीच तर गोची आहे.

मी हे पैसे घालवून शिकलो. सुरुवातीला एकाकडून दहा केस घेतल्या, खोके कडक, पट्ट्या शाबूत, तारीख जेमतेम दोन वर्षं जुनी, मी खूश. पहिल्या तीन केस विकल्या आणि आठवड्यात तिन्ही गिऱ्हाईकांचे मेसेज. नंतर कळलं की माल पत्र्याच्या शेडमध्ये होता. आणि लाज कशाची वाटली माहितीये का, खोक्यावरच लिहिलेलं होतं सगळं, मला वाचता आलं नाही एवढंच. केसच्या बाहेर एक छोटं गोल स्टिकर असतं, गडद कडं आणि मधे फिकट ठिपका. जितकी उष्णता आणि जितका काळ, तितका तो मधला ठिपका गडद होत जातो. ठिपका कड्यापेक्षा फिकट असेल तर ठीक, कड्याहून गडद झाला असेल तर तो माल खाण्यासाठी म्हणून विकायचा नाही, बस. माझ्या दहाच्या दहा केसवर तो काळाकुट्ट होता. तिघांचे पैसे परत केले, उरलेल्या सात केसमधले चमचे आणि रिकाम्या पिशव्या ठेवल्या, खाणं फेकलं.

हे स्टिकर फक्त केसवर असतं, सुट्ट्या पाकिटावर नाही. म्हणजे तू केस फोडलीस की तो पुरावा गेला. म्हणून फोडायच्या आधी स्टिकरचा आणि तारखेचा फोटो काढून ठेव आणि सुटं पाकीट विकताना तो फोटो लाव, गिऱ्हाईकाचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

तारखेचंही सांगतो. केसवर तारीख सरळ छापलेली असते, आतल्या पुड्यांवर मात्र चार आकडी कोड. पहिला आकडा सालाचा शेवटचा, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. २०७५ असेल तर पंचाहत्तरावा दिवस, साधं वर्ष असेल तर १६ मार्च, आणि साल २०२२. किंवा २०१२. किंवा २००२! दशक कोडमध्ये नसतंच, ते पिशवीचा रंग, मेनू, आतल्या वस्तू यांवरून काढायचं. विकणारे इथेच चलाखी करतात, दहा वर्षांनी नवं करून सांगतात, काही जण तर २०७५ हे एक्सपायरीचं साल म्हणून सांगतात आणि लोक मानतातही.

आता गिऱ्हाईक. दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ कधीच करू नकोस. एक खाणारा: ट्रेकवाला, वादळ-पुराची तयारी करून ठेवणारा, नाहीतर नुसती हौस म्हणून. त्याला एका पाकिटात साधारण १२५० कॅलरी, गरम करायची सोय आणि पोट न बिघडण्याची खात्री हवी. याला जुना माल दाखवायचाच नाही. जे कारखाने सैन्याला माल देतात तेच सिव्हिलियन, म्हणजे सामान्य लोकांसाठीची, पाकिटंही काढतात, आतले पदार्थ बरेचसे तेच, ती घे आणि लेबलवर घटक, ॲलर्जी, तारीख सगळं वाचता येईल असं ठेव.

दुसरा जमवणारा. त्याला खायचं नसतं. (काही खातात म्हणा, कॅमेऱ्यासमोर शंभर वर्षांपूर्वीची बिस्किटं चावणारेही आहेत, तो त्यांचा प्रश्न, तू प्रोत्साहन देऊ नकोस.) एमआरई १९८१ पासून आलं, तेव्हापासून १९९५ पर्यंतच्या पिशव्या गडद तपकिरी, मग १९९६ पासून फिकट मातकट. मेनू आधी बारा होते, ते वाढत वाढत १९९८ ला चोवीस झाले. एवढं पाठ असलं तरी फोटो बघून तुला निम्मं कळेल. मग बारीकसारीक गमती. चार्म्स नावाच्या गोळ्या सैनिक अपशकुनी मानायचे, खायचे नाहीत, फेकून द्यायचे, २००७ ला त्या काढूनच टाकल्या आणि आता जमवणारे नेमक्या त्याच शोधतात. टॅबॅस्को या तिखट सॉसची काचेची बोटभर बाटली, तीही. त्याआधीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या के-रेशनचं (तेव्हाच्या सैनिकी जेवणाचं) मेण लावलेलं खोकं, पी-३८ नावाचा घडीचा छोटा ओपनर, सिगरेटी असलेली ॲक्सेसरी पाकिटं, हा सगळा वेगळाच बाजार आहे, त्यात वर्षभर नुसतं बघ, घेऊ नकोस.

जमवणाऱ्याला विकताना ठळक लिहायचं, 'खाण्यासाठी नाही'. आणि जुने डबे घरात ठेवताना सांभाळून, फळांचे तर जास्तच, आम्लाने आतून धातू खाल्ला जातो, डबा फुगतो आणि एक दिवस कपाटात फुटतो. फुगलेलं काहीही, डबा असो की पाऊच, उघडायचं नाही, हुंगायचं नाही, चाखायचं तर अजिबातच नाही. पाऊचमधलं जेवण १२० डिग्रीच्या आसपास शिजवून निर्जंतुक केलेलं असतं ते बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूसाठीच, पण फॉइलला सुईएवढं भोक पडलं की ती सगळी मेहनत वाया. म्हणून खायला विकायच्या प्रत्येक पाकिटावर आधी हात फिरव, घडीच्या रेषेवर विशेष.

आणि एक, पिशवी फोडून या मेनूतला मुख्य पदार्थ, त्या मेनूतलं बिस्कीट असं भरून परत चिकटवणारे आहेत. तसं विकायला हरकत नाही, पण 'जुळवलेलं' असं सांगून. सीलबंद म्हणून विकलंस आणि एकाने जरी पकडलं तर जमवणाऱ्यांचं जग फार लहान आहे गं.

पार्सलचं लक्षात ठेव. आतला हीटर म्हणजे मॅग्नेशियम आणि लोखंडाची भुकटी आणि मीठ, पाणी पडलं की दहा-बारा मिनिटांत जेवण गरम, पण त्यातून हायड्रोजन निघतो. सुटे हीटर कुरिअरवाले घातक माल म्हणून धरतात, विमानाने तर विचारूच नको. युरोपियन सैनिकी रेशनमधल्या हेक्सामाइनच्या (जेवण तापवायला जाळायच्या) वड्या आणि काड्यापेट्या, त्यांचंही तेच. माझं एक पार्सल महिनाभर फिरून परत आलं, वर दंड. आधी विचार, नाहीतर काढून ठेव आणि जाहिरातीत तसं लिही. परदेशात पाठवणार असशील तर मांस आणि दूध बघ, युरोपियन युनियन बाहेरून पोस्टाने येणारं दोन्ही अडवतं, म्हणजे बहुतेक मेनू बादच.

उगम कुठला हेही विचार. अमेरिकन केसवर 'सरकारी मालमत्ता, व्यापारी पुनर्विक्री बेकायदा' असं छापलेलं असतं. कतरिना वादळानंतर, २००६ मध्ये, तिकडच्या सरकारी तपासणी संस्थेने ईबे या साइटवर विकल्या जाणाऱ्या एमआरईंची चौकशीच केली होती. मदतीसाठी वाटलेलं किंवा गोदामातून 'निघालेलं' कुणी देत असेल तर कितीही स्वस्त असो, मी घेत नाही, आणि तूही माझं नाव सांगून घेऊ नकोस.

सुटी पाकिटं की अख्खी केस? खाणाऱ्याला सुटी पाकिटं, जमवणाऱ्याला न फोडलेली केस, यात फार डोकं लावू नकोस.

तर आज त्या माणसाला फोन कर, माल कुठे ठेवला होता ते विचार आणि तो गोल स्टिकर उजेडात धरून काढलेला फोटो मागव, दोन्ही केसचा वेगवेगळा. फोटो द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर पुढे बोलूच नकोस, दिला तर मला पाठव, मग किमतीचं बघू.