फेकलेला मासा कुठे लिहिलास?

अगं पोरी,

परवा कॉलेज रोडला चहा पिताना तू तुझ्या मासेमारीच्या अभ्यासाबद्दल विचारलंस, काका, एक शोधनिबंध म्हणतो कोट्याने, म्हणजे किती मासा आणायचा या सरकारी मर्यादेने, मासा वाचतो, दुसरा म्हणतो कोट्यामुळेच मासा फेकला जातो, मग खरं कोण? मी नुसतं हं हं केलं. रात्री झोप लागेना म्हणून लिहितोय. दोघंही खरे आहेत. कोटा काट्यावर मोजतात, म्हणजे बंदरात उतरलेला मासा, आणि समुद्रात मेलेला कोण मोजतो? माझं एकच सांगणं, फेकलेला मासा लिही.

बघ, बोटीला दहा टनांचा कोटा असला आणि मोठ्या माशाला भाव जास्त असला तर माणूस बारका टाकून देणार नि मोठ्याने कोटा भरणार. किंवा एका जातीचा कोटा संपला, पण जाळ्याला ते कुठे कळतं, ती जात येतच राहते, आणली तर दंड, म्हणून परत पाण्यात. युरोपियन युनियनने 2015 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2019 पासून पूर्ण, कोट्यातलं सगळं किनाऱ्यावर आणायची सक्ती केली, पण रात्री दोनला डेकवर बघायला कोण असतं? नॉर्वेने कॉड आणि हॅडॉक हे तिकडचे मासे फेकायला 1987 मध्येच बंदी घातली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत, पिल्लं जास्त लागली की तो पट्टाच काही काळ बंद करतात. हा भाग तू घाईत उरकलास, परत वाच.

आता म्हणशील, नाशिकच्या माणसाला समुद्रातलं काय कळतं. खरंय, मी समुद्र पाहिला तोच लग्नानंतर. पण इथल्या एका धरणावर मच्छीमार सोसायटीचं रजिस्टर अकरा वर्षं मी लिहिलं. किलोच्या आतला कटला-रोहू काट्यावर घ्यायचा नाही हा आमचा नियम, आणि जाळी मात्र बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची. तळहाताएवढा कटला, कल्ल्यात दोरा रुतलेला, कल्ले पांढरे पडलेले, तो पाण्यात टाकायचा आणि मी लिहायचो 'परत सोडला'. सोडला कसला, सकाळी काठाला पांढरी पोटं आणि बगळ्यांची जत्रा. माल घटला तेव्हा आम्ही पावसाला शिव्या घातल्या, बोटुकली, म्हणजे धरणात सोडलेली पिल्लं, खराब म्हटलं. शेवटी मी मेलेल्यांचा वेगळा रकाना आखला तर म्हणे ठेका जाईल, आणि गेलो मीच. लोक अजून हेकट म्हणतात. असेन. रकाना बरोबर होता.

आपल्याकडे कोटा नाही पण फसगत तीच. राज्याने 54 जातींना किमान आकार ठरवलाय, पापलेटला 135 मिलिमीटर. चांगलंच आहे ते. पण ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, मागच्या पिशवीचा आस बारीक असला तर बारकं पापलेट आत येणार, मरणार, आणि धक्क्यावर दिसणारच नाही. फिशमीलला, म्हणजे माशांची भुकटी करायला, गेलं तर तुझ्या तक्त्यात 'फेकलेले शून्य' येईल, त्यावर खूष होऊ नकोस बाई!

तेव्हा ससून डॉकवर उभं राहून सर्व्हे करायचं सोड. जून-जुलैची बंदी उठली की तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, हातापाया पड आणि बोटीवर जा. उलटीची गोळी आधी घे. पेन्सिल ने, ओल्या कागदावर पेन चालत नाही. खोडरबर तेवढं घरी ठेव.

तुझा काका