माझ्या जागी माझाच विद्यार्थी आला!

प्रश्न: ओमानमधल्या एका सरकारी कॉलेजात चौदा वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोय, दर दोन वर्षांनी काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं. आता ऑगस्टनंतर नाही म्हणालेत, कारण ओमानायझेशन, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी ओमानी नेमायचे. ज्या पोराला मी सोल्डरिंग शिकवलं तोच पीएचडी करून माझ्या जागी आलाय, परवा लॅबच्या किल्ल्या मागायला आला तर ‘सर सर’ करत होता बिचारा. मुलगा अकरावीत. फसवणूकच झाली ना ही?
— एक वाचक, मूळ गाव सांगली

उत्तर: सर, राग समजतो, पण फसवणूक नाही म्हणता येणार. 1986 मध्ये सुलतान काबूस युनिव्हर्सिटी सुरू झाली तेव्हा शिकवायला बहुतेक बाहेरचीच माणसं होती, आणि तेव्हापासून ओमानी पोरं स्कॉलरशिपवर परदेशी पाठवायची, ती परतली की जागा त्यांना द्यायची हे चालूच आहे, काही लपवलेलं नव्हतं. आपल्याकडे ‘80 टक्के भूमिपुत्र’ म्हटलं की आपणच टाळ्या वाजवतो की! माझी तक्रार वेगळीय, कागदावर एक गेला एक आला की हिशोब जुळतो, पण लॅबमधला कुठला ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) थोबाडीत मारल्याशिवाय चालू होत नाही ते कुठल्या फाइलीत नसतं, म्हणून निदान एक सेमिस्टर दोघांनी एकत्र शिकवायला हवं आणि माणूस बदलायची घाई कुणी करू नये.

आता कामाचं. ग्रॅच्युइटीचं तुमच्या काँट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय ते बघा, 2023 च्या कामगार कायद्यातला वर्षाला एक महिन्याचा बेसिक हा नियम खासगीवाल्यांसाठी आहे, सरकारी नोकरीला तो लावत बसू नका. मुलाची बारावी तिथेच काढायची असेल तर खासगी कॉलेजं बघा, 2021 पासून जुन्या मालकाची एनओसी लागत नाही, पण ओमानायझेशन तिथेही आहेच. परत यायचं असेल तर एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट आत्ताच घ्या, हुद्दा, फुलटाइम, पगार सगळं त्यात हवं, कारण यूजीसीच्या 2018 च्या नियमांत परदेशातली नोकरीही धरतात, काँट्रॅक्टवालीसुद्धा, पण पगार आणि निवड समितीच्या अटी आहेत. त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, तिथेच करून घ्या, इथून मस्कतला खेटे घालणं महाग पडतं. आणि इथे आल्या आल्या परमनंट मिळेल असं घरी सांगून ठेवू नका, सुरुवात बहुतेक तासिका तत्त्वावरच होईल.

किल्ल्या देताना त्या पोराला ऑसिलोस्कोपचं तेवढं सांगा.