'ब्लू मून' आणि धोंड्याचा महिना

चाळीसगावच्या एका ताईंनी विचारलंय: 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे आपला 'कपिलाषष्ठीचा योग' का? आणि चंद्र खरंच निळा होतो का?

होतो, पण क्वचितच. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा हवेत उडालेल्या राखेमुळे कित्येक ठिकाणी चंद्र निळसर दिसला होता. वाक्प्रचार मात्र त्याच्याही आधीचा. निळा चंद्र म्हणजे न घडणारी गोष्ट, असा मूळ भाव. तो सैल होत होत 'क्वचित'वर आला.

हल्ली पेपरात एका इंग्रजी महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला 'ब्लू मून' म्हणतात. हा अर्थ अलीकडचा. १९४६ मध्ये एका अमेरिकन खगोल मासिकातल्या लेखकाने जुन्या पंचांगातला नियम चुकीचा लावला आणि ती चूकच रूढ झाली.

खरी गंमत पुढेच आहे. बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरसालची ही अकरा दिवसांची तूट साचत साचत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी महिनाभराची होते. आपण तिथे अधिक मास घालतो. इंग्रजी कॅलेंडरात तीच जादा पौर्णिमा एखाद्या महिन्यात घुसते. २०२३ चा ऑगस्ट आठवा: १ तारखेला अधिक श्रावणातली पौर्णिमा, ३० ला राखीपौर्णिमा. अमळनेरची माझी मावशी धोंड्याच्या महिन्यात जावयापुढे अनारसे मोजून ठेवते, बरोबर तेहतीस. एखादा तुटला तर लगेच बदलते. तिला ब्लू मून ठाऊक नाही, पण हिशोब तोच! आणि ताई, तुमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. अधिक मासाचं गणित त्या ग्रंथांतही आहे, तेव्हा हा विषय तुमच्या गावचाच म्हणायचा.

आता मूळ प्रश्न. कपिलाषष्ठीला तिथी, वार, नक्षत्र असं बरंच काही एकदम जुळावं लागतं. म्हणून तो शब्द एखाद्या दुर्मीळ प्रसंगाला शोभतो: "चौघे भाऊ एका पंगतीला, म्हणजे कपिलाषष्ठीचाच योग!" यात कौतुक असतं, थोडा टोमणाही. 'वन्स इन अ ब्लू मून' मात्र सवयीबद्दल बोलतो. एखादी गोष्ट होते, पण फार दिवसांनी. "तो वन्स इन अ ब्लू मून फोन करतो" याला माझ्या मते 'सठीसहामाशी फोन करतो' हेच चपखल. 'अमावस्या-पौर्णिमेला' म्हणालात तरी चालेल, पण ते जरा जास्तच वारंवार वाटतं.

वापरताना एक सांभाळा. आपण 'सहा महिन्यांत एकदाही येत नाही' म्हणतो, त्या ओघात मुलं इंग्रजीतही 'नॉट' घालून बसतात. या वाक्प्रचाराला नकार लागत नाही. तो माणूस येतो, उशिरा का होईना.