माझ्यामागे पत्नीला किती मिळेल?

प्रश्न : पिंपरीतील एका खासगी कारखान्यात मी १९९८ पासून नोकरीस असून तीन महिन्यांनी, वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होईन. ईपीएस-९५ (कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५) खाली मला दरमहा सुमारे ४,२०० रुपये निवृत्तिवेतन बसते. दोन वर्षे थांबल्यास ते वाढते, असे सहकारी सांगतात. पत्नी गृहिणी आहे, वय ५५. दोन्ही मुले मिळवती आहेत. पीएफचे सुमारे २२ लाख रुपये थोरल्याच्या फ्लॅटसाठी द्यावेत का? माझ्यामागे पत्नीला काय मिळेल?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतर आपले निधन झाल्यास पत्नीला त्याच्या निम्मे, म्हणजे दरमहा सुमारे २,१०० रुपये, हयातभर मिळतील (पुनर्विवाह केल्यास ते बंद होते). या योजनेत महागाई भत्ता नाही. त्यामुळे आज ठरलेली रक्कम वीस वर्षांनीही तेवढीच राहते. किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, यावरून काय ते समजावे. मुलांचे निवृत्तिवेतन २५ वर्षे वयापर्यंतच असल्याने आपल्या घरी तो प्रश्न उद्भवत नाही.

थांबल्यास दर पूर्ण वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते, हे खरे. परंतु दोन वर्षांत आपण सुमारे एक लाख रुपये सोडाल आणि वाढ मिळेल महिना जेमतेम ३४० रुपये. सोडलेले पैसे भरून यायला चोवीस वर्षांहून अधिक काळ लागेल. माझ्या मते थांबू नये.

पत्नीला मिळणारे निवृत्तिवेतन इतके तुटपुंजे आहे, म्हणूनच पीएफची रक्कम फ्लॅटमध्ये घालू नये, असे मी स्पष्टच सांगतो. थोरल्याला गृहकर्ज मिळू शकते, आईला उतारवयात कोणी कर्ज देत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठ वर्षांची अट असली, तरी निवृत्त झालेल्यांना ५५ वर्षांनंतर, निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडता येते. एप्रिल २०२३ पासूनच्या ८.२ टक्के दराने १५ लाखांवर दर तिमाहीस ३०,७५० रुपये व्याज येते. खाते पत्नीसह संयुक्त उघडावे. आपल्यानंतर त्या वयाच्या अटीत बसत असतील आणि त्यांचे या योजनेत दुसरे खाते नसेल, तर मुदतीपर्यंत तेच खाते चालू ठेवता येईल. उरलेली रक्कम बँकेत ठेवताना नामनिर्देशनावर विसंबू नये. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक होतेच असे नाही. त्यासाठी मृत्युपत्र करावे.

एक बाब किरकोळ वाटेल, पण अर्ज अडकतात ते तिथेच : पत्नीचे आधारवरील नाव माहेरचे आणि निवृत्तिवेतनाच्या नोंदीतले सासरचे, असे असल्यास ते आताच दुरुस्त करून घ्यावे. आपल्यामागे त्यांना मृत्यूचा दाखला द्यावा लागेल, तेव्हा पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) क्रमांक त्यांना ठाऊक असू द्यावा. निवृत्तीनंतर हयातीचा दाखला आपण दरवर्षी द्याल, तसा पुढे त्यांनाही द्यावा लागेल.