लग्नघरी कपकेक न्यायचे तर...

या वेळच्या पत्रांत बहुतेकांना कपकेक घरी खायचे नाहीत, कुणाला तरी द्यायचे आहेत. घरचा कपकेक तासाभरात संपतो. भेटीचा मात्र दुसऱ्या दिवशी, गाडीतून हेलकावे खाऊन, कधीकधी उन्हात अर्धा तास थांबून मग कुणाच्या तरी हातात पडतो. त्यामुळे उत्तरांत चवीइतकाच टिकाऊपणाचाही विचार आहे.

प्रश्न : मावसबहिणीच्या लग्नात शंभर पाहुण्यांना एकेक कपकेक द्यायचा आहे. ओव्हनमध्ये एका वेळी १२ मावतात. सामान किती लागेल? सगळं मिश्रण एकदम करून ठेवलं तर चालेल का?

एकदम करून ठेवू नका. बेकिंग पावडर ओली झाली की तिचं काम सुरू होतं. एक ट्रे भाजून होईपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, मिश्रण थांबू शकतं. दोन तास थांबवलं तर शेवटचे कपकेक बसके आणि चिवट होतात. एका वेळी फार तर २४ चं मिश्रण करा.

बारा कपकेकचं माप असं : मैदा १५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम, अंडी २, दूध १२० मिली, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा. बटर, अंडी, दूध थंडगार नको, नाहीतर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. बटर-साखर चार-पाच मिनिटं फिकट होईपर्यंत फेटा, मग एकेक अंडं घाला. मैद्यात बेकिंग पावडर आणि मीठ मिसळून चाळून घ्या. मग मैदा आणि दूध आलटून पालटून घाला. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. यापुढे फेटलं की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि कपकेक आतून रबरासारखा लागतो. प्रत्येक कपात ५० ग्रॅमच्या आसपास मिश्रण जातं. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर १८ ते २० मिनिटं ठेवा.

शंभर पाहुण्यांसाठी १०८ करा. एखादा पडतो, एखाद्याला बोट लागतं. म्हणजे नऊ घाणे : मैदा १ किलो ३५० ग्रॅम, साखर तेवढीच, बटर १ किलो ३५ ग्रॅम, अंडी १८, दूध १ लिटर ८० मिली. भरणं आणि काढणं धरून एका घाण्याला अर्धा तास लागतो, तेव्हा साडेचार तास हाताशी ठेवा. आदल्या रात्री मैदा, मीठ आणि बेकिंग पावडर मोजून नऊ वेगळ्या पिशव्या भरून ठेवा. सहाव्या घाण्यापर्यंत बेकिंग पावडर घातली की नाही हेच आठवत नाही, आणि तेव्हा विचारायलाही कुणी नसतं.

प्रश्न : कपकेक फुगून मध्ये टोक येतं आणि फुटतात. कधी उलट, मध्येच खड्डा पडतो.

टोक आलं तर ओव्हन जास्त तापलाय. कड आधी घट्ट होते आणि आतलं मिश्रण मधूनच वाट काढतं. घरगुती ओव्हनची खूण आणि आतलं तापमान यात २० अंशांचाही फरक असू शकतो, म्हणून आत ठेवायचा साधा तापमापक घ्या. कप दोन तृतीयांशांपेक्षा जास्त भरला तरीही असंच होतं.

खड्ड्याची कारणं वेगळी : पहिल्या बारा-पंधरा मिनिटांत दार उघडणं, बेकिंग पावडर जास्त होणं, किंवा कच्चे असतानाच बाहेर काढणं. वरून बोटाने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर झाले.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी कागदाचे कप सुटून पाकळ्यांसारखे उघडतात. कागद महागातला घेतला तरी तेच.

कागदाला दोष देण्याआधी वाफेकडे बघा. गरम कपकेक साच्यातच राहिले तर त्यांची वाफ साचा आणि कागद यांच्यामध्ये अडकते. कागद ओला होतो, ताणतो आणि वाळताना केकपासून सुटतो. ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटांत कपकेक जाळीवर काढा, खालून हवा लागू द्या. किमान एक तास झाकण नको. हाताला गार लागले तरी पोटात ऊब असते. त्या उबेवर डबा बंद केला की झाकणाला आतून पाणी धरतं. ते दिसलं की समजा, उद्या कागद सुटणार.

थोडे कच्चे राहिलेले कपकेक गार होताना आक्रसतात, तेव्हाही कागद मागे राहतो. शंका असेल तर दोन मिनिटं जास्त ठेवा.

प्रश्न : समारंभ दुपारी, मोकळ्या जागेत आहे. कपकेकवर बटर-पिठीसाखरेचं बटरक्रीम टिकेल का?

बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, पण नक्षी त्याच्या बरीच आधी ढेपाळते. हवा २८ अंशांच्या वर असेल तर निव्वळ बटरच्या उंच फ्रॉस्टिंगचा, म्हणजे वरच्या क्रीमच्या थराचा, हट्ट सोडा. निम्म्या बटरऐवजी बेकिंगचं वनस्पती तूप घेतलं तर आकार जास्त वेळ राहतो. चव किंचित मेणचट होते, त्यासाठी चिमूटभर मीठ आणि जास्त व्हॅनिला घाला. माप : बटर आणि वनस्पती तूप प्रत्येकी १२५ ग्रॅम, पिठीसाखर ५०० ग्रॅम, दूध दोन मोठे चमचे. पाइपिंग बॅगेने गोल नक्षी काढली तर कपकेकमागे ४० ग्रॅम लागतं, म्हणजे १०८ ना हेच माप सहापट. सुरीने पातळ थर दिला तर २० ते २५ ग्रॅममध्ये भागतं. आमचं मत थराच्या बाजूने आहे. उंच टोपी फोटोत शोभते, खाताना मात्र निम्मी बाजूला काढली जाते.

दुसरा चांगला मार्ग घट्ट गनाशचा. डार्क चॉकलेट ४०० ग्रॅम बारीक चिरा, त्यावर कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवलेलं २०० ग्रॅम क्रीम ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत या. चॉकलेटमधला कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून रणरणत्या उन्हात हाही हार मानेल. ट्रे सावलीत ठेवा, वाढायच्या वेळीच बाहेर आणा. फेटलेल्या ताज्या क्रीमचं नाव काढू नका. ते फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर सुरक्षित नसतं, कडक उन्हाळ्यात तर एक तासच.

प्रश्न : काही पाहुणे अंडं खात नाहीत. वेगळी कृती द्या.

बारा नगांसाठी मैदा १९० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, दही २४० ग्रॅम, बिनवासाचं तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला. दह्यात साखर विरघळवा, बेकिंग पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं ठेवा, बुडबुडे दिसले की तेल, व्हॅनिला आणि मग चाळलेला मैदा. हे मिश्रण थांबवायचं नाही, ओव्हन तयार हवा. दही फार आंबट नको. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

हे घाणे आधी भाजा, भांडी आणि फेटणी वेगळी ठेवा, आणि कागदाचा रंग बदला, म्हणजे वाढणाऱ्याला विचारत बसावं लागत नाही. सुकामेवा असेल तर तसं चिठ्ठीवर लिहाच. ॲलर्जी असलेला पाहुणा आपणहून सांगेलच असं नाही.

प्रश्न : किती दिवस आधी करता येतील? फ्रिजमध्ये ठेवू का?

नुसते कपकेक फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडीत स्टार्च लवकर घट्ट होतो आणि केक शिळा लागतो. हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस छान राहतात. त्याहून आधी करायचे असतील तर पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर चालतात. बाहेर काढल्यावर डबा उघडायचा नाही, म्हणजे पाणी डब्याच्या बाहेरच्या बाजूला धरतं. फ्रॉस्टिंग आदल्या संध्याकाळी करा.

प्रश्न : वर खरी फुलं ठेवली तर?

फक्त खाण्यालायक आणि औषध न फवारलेली. फुलवाल्याकडची नकोत. कण्हेरीसारखी काही फुलं विषारी असतात, ती सजावटीलाही नाहीत.

प्रश्न : दोन तासांच्या प्रवासात कपकेक एकमेकांवर आपटतात.

खाचांची पट्टी असलेलाच खोका घ्या. नक्षीसकट उंची मोजून वर किमान एक सेंटिमीटर जागा राहील असा बघा, साधारण १० सेंटिमीटर पुरतात. खोके सीटवर ठेवू नका, ती उतरती असते. गाडीच्या सपाट भागात, खाली रबरी जाळी किंवा ओलसर फडकं अंथरून ठेवा. खोका एकावर एक रचायचा नाही. निघायच्या अर्धा तास आधी एसी लावा आणि बटरक्रीमचे कपकेक तेवढाच वेळ फ्रिजमध्ये ठेवा, नक्षी घट्ट होते. फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्याची, फुलं किंवा नावाच्या चकत्या मात्र पोहोचल्यावरच लावा. फ्रिजमधून बाहेर आल्या की त्यांना घाम फुटतो आणि लाल-निळा रंग पांढऱ्या क्रीमवर उतरतो.